विजेच्या नव्या गिरणीत आपलं खातं कोणतं?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात नांदेड येथे केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मी गिरणी कामगार माणूस, शाळा नववीपर्यंतची. वस्तीत प्राध्यापक आहेत, वकील आहेत, त्यांना बोलवा. तर सचिव म्हणाले, "ते दरवर्षी बोलतात. या वर्षी पोटापाण्याचं बोला." म्हणून आज पोटापाण्याचंच बोलतो. विषय आहे वीज. त्यातही दोन कामं. एक, उन्हापासून वीज तयार करणं. दुसरं, तयार झालेली वीज दूरवर वाहून नेणं, ज्याला पारेषण म्हणतात. या दोन कामांत आपल्या लेकरांना जागा कुठं आहे आणि खड्डा कुठं आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी माझं थोडं सांगतो. १९९० च्या सुमारास मी एका सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. रिंग खात्यात काम. तुटलेला धागा जोडायचा, भरलेल्या कांड्या काढायच्या, रिकाम्या लावायच्या. पाळी संपली की डोकं कापसाच्या पिंजेनं पांढरं व्हायचं. सोळा वर्षे हे काम केलं. मग एके दिवशी गेटवर नोटीस लागली आणि गिरणी बंद झाली. आमची देणी अनेक वर्षे अडकून पडली. पण त्या दिवसांत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. आमच्या गिरणीचा वायरमन महिनाभरात दुसरीकडे लागला. फिटरही लागला. आम्ही रिंगवाले मात्र दोन-दोन वर्षे बाजार समितीत पोती उचलत फिरलो. तेव्हा मला कळलं, यंत्र चालवणारा यंत्राबरोबर बंद पडतो आणि यंत्र दुरुस्त करणारा दुसऱ्या यंत्राकडे जातो. आज मी एका जिनिंगमध्ये कामाला आहे. पण हे शहाणपण मला वयाच्या पस्तिशीनंतर आलं. तुम्हाला ते सोळाव्या वर्षी यावं म्हणून हा खटाटोप.

आता एक जुना इतिहास. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली हजारो माणसं होती. पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत. का? तर धोट्यात नवीन कांडी घातली की तिचा दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. आणि मजुरी तर विणकाम खात्यातच जास्त! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. म्हणजे बघा, गिरणीत काम मिळालं की सगळं मिळालं असं नसतं. गिरणीत कोणतं खातं मिळालं, यावर माणसाचं आयुष्य ठरतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

तुम्ही म्हणाल, विहाराच्या कार्यक्रमात विजेचं काय काढलंय? तर विजेचा आणि बाबासाहेबांचा संबंध आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. संविधान माहीत आहे, चवदार तळं माहीत आहे. पण जुलै १९४२ ते जून १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि कामगारांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. महाराष्ट्र शासनानं त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे जे खंड काढले, त्यातला दहावा खंड याच काळाचा आहे. मी तो शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, दोन पावसाळे लागले. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीज धोरणाच्या समितीपुढे ते बोलले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की वीज स्वस्त पाहिजे आणि मुबलक पाहिजे, कारण विजेशिवाय कारखाने उभे राहणार नाहीत, आणि कारखाने उभे राहिले नाहीत तर शेतीवर पडलेला माणसांचा भार कमी होणार नाही. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. आजच्या केंद्रीय वीज प्राधिकरणाचं ते पूर्वरूप. दामोदर खोऱ्याची योजना, हिराकूड धरण यांचा पायाही त्याच काळात घातला गेला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, ज्याच्या दारात आपण तरुणपणी रांगा लावल्या, तीही त्याच खात्याची देणगी. तेव्हा बंधूंनो, वीज हा आपला विषय नाही असं म्हणू नका.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. आपल्याकडे काय नाही, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाणी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर आलं आणि माणसं स्टेशनवर ते बघायला गेली. माझी आक्का लातूर जिल्ह्यातच दिलेली आहे. त्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "आरं, घरात पाव्हणा आला की आधी पाणी किती पितो ते बघायलोत आम्ही." आता हाच दुष्काळ विजेच्या अंगानं बघा. आपल्या शेजारी परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर चक्र फिरवायचं, अशी ती वीज. म्हणजे पाणी नाही तर वीज नाही. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं. ज्या दुष्काळानं शेतकऱ्याला मारलं, त्यानंच वीज केंद्राच्या कंत्राटी कामगारालाही घरी बसवलं.

आणि आपल्याकडे काय आहे? ऊन आहे. पावसाळ्याचे ढगाळ दिवस सोडले तर वर्षभर कडक ऊन आहे. सौर पॅनेलला वाफ लागत नाही. लागतं ते फक्त धूळ धुण्यापुरतं पाणी. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतं आणि त्याला गच्चीवर साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. सूर्यप्रकाशावर चालणारा सिलिकॉनचा घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. तेव्हा तो इतका महाग होता की तो मुख्यत्वे उपग्रहावर वापरत. आज तो जिंतूरच्या माळावर शेतकऱ्याची मोटर चालवतो. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या देशाची सौर वीजक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची, असा तिचा हिशेब. ऑक्टोबर २०२४ मध्ये जे पाच प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाले, त्यात आपल्या नांदेड जिल्ह्यातला बामणी बुद्रुकचा पाच मेगावॉटचा प्रकल्प होता. घराच्या छतासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. तिच्यात एक किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरलं. एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं. आता हे एक कोटी घरांच्या छतांवर कोण चढणार? तारा कोण जोडणार? पाच वर्षांनी बिघाड झाला तर कोण दुरुस्त करणार? इथं आपला विषय सुरू होतो.

पण त्याआधी पारेषण म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पोरांना खांबावरची वीज माहीत असते, टॉवरवरची माहीत नसते. मराठीत फार छान शब्द आहे, दाब. लघुदाब, उच्चदाब. तारेतून तेवढीच वीज न्यायची असेल तर दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो. दाब दहापट केला तर प्रवाह दहावा हिस्सा होतो, आणि तार तापून वाया जाणारी वीज शंभरावा हिस्सा उरते. म्हणून लांबच्या वाटेला दाब चढवतात आणि घराजवळ आल्यावर उतरवतात. आपल्या घरात २३० व्होल्ट. डीपीच्या वरच्या बाजूला ११ हजार. गावच्या उपकेंद्रात ३३ हजार. मग १३२, २२०, ४०० आणि ७६५ किलोव्होल्ट, ज्याला कामगार नुसतं केव्ही म्हणतात. प्रत्येक ठिकाणी दाब चढवायला-उतरवायला रोहित्र आणि प्रत्येक रोहित्राजवळ राखण करायला माणूस. ३१ डिसेंबर २०१३ ला आपल्या शेजारच्या सोलापूरपासून कर्नाटकातल्या रायचूरपर्यंतची ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उर्वरित देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून सारा देश एका तालावर चालतो.

सौर विजेनं हे पारेषणाचं काम कमी होत नाही, वाढतं. कारण ऊन दुपारी असतं आणि आपल्याला दिवा संध्याकाळी लागतो. एका जिल्ह्यात आभाळ आलं तर दुसऱ्या जिल्ह्याची वीज इकडं वळवावी लागते. जितकी सौर वीज वाढेल तितक्या वाहिन्या, उपकेंद्रं आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या वाढणार. २००५ साली वीज मंडळाचे भाग पडले आणि निर्मिती, पारेषण, वितरण अशा तीन वेगळ्या कंपन्या झाल्या. तिन्ही ठिकाणी हे काम आहे, खाजगी कंपन्यांतही आहे.

आता कामांची नीट विभागणी करून सांगतो. पोरांनी कान द्यावा.

पहिलं काम छतावरच्या सौर पॅनेलचं. यात सांगाडा जोडणारा वेल्डर लागतो, वायरिंग करणारा लागतो, इन्व्हर्टर बसवणारा लागतो आणि नेट मीटरचे कागद करणारा लागतो. हे काम नांदेड-लातूरसारख्या शहरांत दरवर्षी वाढतंय आणि थोड्या भांडवलावर चार मित्रांना मिळून करता येण्यासारखं आहे. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

दुसरं काम सौर पंपांचं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" ही योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा पाच टक्के ठरला. ज्यांच्या नावावर दोन एकर का होईना जमीन आणि विहीर आहे त्यांनी हे माहीत करून घ्यावं. पंप बसले की बिघाड आलाच. कधी कंट्रोलर जातो, कधी तार उंदीर खातो, कधी वादळात पॅनेल उडतं. गावोगाव दुरुस्ती करणारा माणूस लागणार आहे.

तिसरं काम मोठ्या सौर प्रकल्पाचं. इथं मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. प्रकल्प उभा राहताना सहा-आठ महिने शे-दोनशे माणसांना काम मिळतं, खड्डे खणणं, सळई बांधणं, पॅनेल वाहणं. एकदा तो उभा राहिला की गवत कापायला, पॅनेल धुवायला, राखणीला आणि तांत्रिक देखभालीला मोजकीच माणसं पुरतात. "हजार पोरांना कायमची नोकरी" म्हणून पैसे मागणारा दलाल दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

चौथं काम पारेषण आणि वितरणाचं. उपकेंद्रातला यंत्रचालक, वाहिनीवरचा तंत्रज्ञ, चाचणी विभाग, आणि पदविका झाली तर कनिष्ठ अभियंता. डिसेंबर २०२३ मध्ये महावितरणनं विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली होती. शिक्षण काय मागितलं होतं? दहावी आणि आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम. पहिली तीन वर्षे मानधन दरमहा १५, १६ आणि १७ हजार, आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. आता विचार करा, आपल्या वस्तीतली किती पोरं दहावी झालेली आहेत? पुष्कळ. त्यातली किती आयटीआयला गेली? बोटावर मोजण्याइतकी.

याचं कारणही मला माहीत आहे. आपल्या भागात लातूर पॅटर्नचं वारं आहे. लेकरू हुशार निघालं की कर्ज काढून क्लासला घालायचं, डॉक्टर करायचं. त्यात वाईट काही नाही. आपली कितीतरी लेकरं त्याच वाटेनं डॉक्टर झाली, मला त्यांचा अभिमान आहे. पण ज्याचा नंबर लागला नाही, त्याचं काय? तो दोन वर्षे घरात तोंड लपवून बसतो आणि मग कुठंतरी डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेतो. त्याला आपण सांगत नाही की पायरी दुसरीकडूनही आहे. तारतंत्रीला आठवी पास चालते, वीजतंत्रीला दहावी लागते, दोन्ही दोन वर्षांचे. सोलर टेक्निशियन हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा आयटीआय झाला की तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नांदेडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, विष्णुपुरीला १९८१ पासून श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. म्हणजे आठवी पास पोरगा दहावीची परीक्षा देऊन, पायरी-पायरीनं इंजिनियर होऊ शकतो, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर त्याच्या हातात पोटापुरतं कसब असतं. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करा. पदविका-पदवीला असताना वसतिगृहात नंबर लागला नाही तर बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला हे कागद प्रवेशाच्या आदल्या रात्री शोधू नका, आत्ताच तयार ठेवा.

आता जे मला खरं सांगायचं आहे, ते सांगतो.

खेड्यातल्या लोकांना "झिरो वायरमन" हा शब्द माहीत आहे. कोणत्याही कार्यालयाच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. पगार नाही, ओळखपत्र नाही, विमा नाही. लाईनमनच्या मागं फिरणारं एखादं धाडसी पोरगं असतं. फ्यूज टाकायला, जंपर बांधायला तोच खांबावर चढतो आणि शेतकरी पाच-पन्नास रुपये हातावर ठेवतो, तेवढीच त्याची कमाई. गावात मान मोठा, सगळे त्याला वायरमनच म्हणतात. आणि हा झिरो वायरमन बहुतेक कोणाच्या घरचा असतो? ज्याच्या घरी शेती नाही त्याच्या.

माझ्या आक्काचा मुलगा, माझा भाचा, असाच झिरो वायरमन होता. २००९ चा पावसाळा. तो बावीस वर्षांचा, लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. खांबावर चढायच्या आधी लाईन बंद केली होती. पण पलीकडे कुणीतरी जनरेटर लावला होता आणि त्याची वीज उलटी तारेत आली. तार दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलेली नव्हती. डिस्चार्ज रॉड नव्हता, हातमोजे नव्हते, कमरेला पट्टा नव्हता. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. जीव वाचला, हे नशीब म्हणायचं. त्यानंतर आम्ही दोन वर्षे खेटे घातले. एक म्हणाला, हा आमचा माणूस नाही. दुसरा म्हणाला, याचं नाव कुठल्या कागदावर आहे ते दाखवा. नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. मी एवढी वर्षे कामगारांच्या हक्काची भाषणं करणारा माणूस, पण माझ्याच भाच्याला मी कधी विचारलं नव्हतं, की बाबा, तुझं नाव कोणत्या मस्टरवर आहे? तो खांबावर चढायचा तेव्हा मलाही कौतुकच वाटायचं. ही माझी चूक आहे आणि ती मी आज विहारात सगळ्यांसमोर कबूल करतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की विजेच्या कामात जा, पण झिरो म्हणून जाऊ नका. कागद घेऊन जा. आयटीआयचं प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकाच्या खात्याचा तारतंत्री परवाना, शिकाऊ उमेदवारीचा करार. कंत्राटदाराकडे लागलात तर नेमणुकीचं पत्र, भविष्य निर्वाह निधीचा नंबर आणि विम्याचा नंबर मागा. तो नाही म्हणाला तर दुसरा कंत्राटदार बघा. चार दिवस उपाशी राहिलेलं परवडतं.

आणि सौर विजेचं काम साधं-सोपं आहे असंही समजू नका. खांबावरची लाईन बंद करता येते, पण ऊन बंद करता येत नाही. जोवर पॅनेलवर ऊन आहे, तोवर त्याच्या तारेत वीज आहे. दहा-पंधरा पॅनेल एका माळेत जोडली की दाब काहीशे व्होल्टवर जातो. तीही एकाच दिशेनं वाहणारी वीज, तिची ठिणगी पेटली की लवकर विझत नाही. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये अशी सोय असते की बाहेरची लाईन गेली की तोही आपोआप वीज देणं थांबवतो, म्हणजे खांबावरच्या माणसाला उलटा धक्का बसत नाही. ती सोय कुणी जोडतोड करून काढली, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्याचा हात घेतोय, हे समजा. हे ज्ञान पुस्तकानं आणि उस्तादानं मिळतं, नुसत्या धाडसानं मिळत नाही. केंद्रानं २०१५ साली "सूर्यमित्र" नावाचा सहाशे तासांचा अभ्यासक्रम याचसाठी काढला. असं प्रशिक्षण सध्या जवळपास कुठं चालू आहे, ते आयटीआयमध्ये किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा. हे कार्यालय म्हणजे आपली जुनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच.

जमिनीबद्दलही एक शब्द बोलतो, कारण वस्तीतल्या निम्म्या घरांची मुळं खेड्यात आहेत. सौर प्रकल्पाला जमीन लागते. खाजगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दुसऱ्या टप्प्याचा दर ठरला. पण प्रकल्पाला शासकीय जमीनही दिली जाते, आणि त्यात गायरान येतं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आपली माणसं तुरुंगात गेली. त्या लढ्यामुळं आणि पुढच्या लढ्यांमुळं गायरानाचे तुकडे कसून जगणारी घरं आजही आपल्या गावांत आहेत. सूर्य सगळ्यांचा आहे, पण त्याच्या नावावर आपल्याच माणसाच्या पायाखालची जमीन जाऊ नये. ग्रामसभेला जा, ठराव वाचा, वहिवाटीचे पुरावे सांभाळा. प्रकल्प गावात येत असेल तर ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. तो पैसा कोणत्या वस्तीत खर्च होतो, हेही विचारा.

आता माता-भगिनींसाठी. तुम्हाला वाटेल हे पुरुषांचं काम आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर खेड्यातल्या बायका एकत्र आल्या. आधी त्यांनी घरबांधणीवर देखरेख केली, पुढं त्यातल्याच बायकांनी गावोगाव सौर कंदील आणि कमी धुराच्या चुली विकून स्वतःचे धंदे उभे केले. राजस्थानात तिलोनिया गावी बेअरफूट कॉलेज आहे. तिथं अक्षरओळख नसलेल्या आज्या, काही तर आफ्रिकेतून आलेल्या, रंग आणि खुणा ओळखून सौर दिव्याचं सर्किट जोडायला शिकतात आणि आपल्या गावात जाऊन दिवे लावतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात मुली तंत्रज्ञ म्हणून खांबावर चढतात, रीतसर नोकरीत, पट्टा बांधून.

आणि आता शेवटचं. माझ्या त्या भाच्याची मुलगी यंदा दहावीला आहे. बाप एका हातानं झेरॉक्सचं दुकान चालवतो. ही पोरगी घरातला मिक्सर, पंखा उघडून बसते. गेल्या महिन्यात मी लातूरला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, मला इलेक्ट्रिशियनला जायचंय." घरात एकदम शांतता झाली. तिची आई उठून आत गेली. आणि आक्का मला म्हणाली, "एक हात गेला तेवढं बास नाही का? आता लेकरालाबी खांबावर चढवायलास का?"

मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आक्काला उलट उत्तर देण्याइतका मी मोठा नाही, आणि तिचं दुःख खोटं नाही. मी भाच्याकडं बघितलं. तो एवढंच म्हणाला, "मामा, माझ्याकडं कागद नव्हता. तिच्याकडं राहील."

बंधू-भगिनींनो, सुरुवातीला जे बोललो ते पुन्हा सांगतो. नवी गिरणी उभी राहतेय. तिचा कच्चा माल कापूस नाही, आपल्या डोक्यावरचं ऊन आहे. त्या गिरणीत आपल्याला काम मिळणारच आहे, त्याची काळजी करू नका. खड्डे खणायला, पॅनेल धुवायला, कागदाशिवाय खांबावर चढायला आपल्याला नक्की बोलावतील. तेव्हाच्या विणकाम खात्याचं दार धोट्याच्या दोऱ्यावरून बंद केलं होतं. आजच्या विणकाम खात्याला, म्हणजे उपकेंद्राच्या कंट्रोल रूमला, चाचणीच्या प्रयोगशाळेला, असं उघड कुलूप नाही. तिथं कागद मागतात, आणि तो कागद दोन वर्षांत मिळतो. तो आपण घेतला नाही, तर दोष कुणाला देणार?

समितीला माझी एक विनंती आहे. दहावीचा निकाल लागला की त्याच आठवड्यात या विहारात एक टेबल मांडा. वस्तीतले आयटीआय झालेले, वीज खात्यात असलेले, निवृत्त झालेले, सगळ्यांनी दोन-दोन तास बसावं. अर्ज भरून द्यावेत, दाखले तपासावेत. खर्च काही नाही, चहाचा खर्च माझ्याकडे. त्या टेबलावर पहिला अर्ज माझ्या भाच्याच्या मुलीचा भरायचा असं मी ठरवलं आहे. आक्काला मी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी लातूरला जाणार आहे, तेव्हा सांगेन.